थोरलीचं पातळ

वाचकाचं पत्र

बाई, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ६३. आठ एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस-तूर-सोयाबीन होते. मालक जाऊन दोन वर्षं झाली. एकच मुलगा, तो जर्मनीत स्टुटगार्टजवळ असतो. सूनही तिथेच नोकरीला. नात सहा वर्षांची, यंदा पहिलीत गेली.

आमच्या घरी भाद्रपदातल्या उभ्या महालक्ष्म्या (गौरी) आहेत. पितळेचे मुखवटे माझ्या आजेसासूच्या सासूनं घेतलेले, सव्वाशे वर्षं तरी झाली असं सासरे सांगायचे. मी घरातली थोरली, म्हणून दीर-जाऊ, त्यांच्या दोन्ही सुना, नणंदा, भाचे सगळे तीन दिवस आमच्याच घरी येतात. चाळीस-पन्नास पानं उठतात. आता माझे गुडघे चालत नाहीत.

यंदा मुलगा म्हणाला, "आई, तुझ्यानं होत नाही. मुखवटे मले दे, मी इकडे मांडतो. तूबी इकडेच ये." दिरांनी ऐकलं अन् म्हणाले, "वैनी, महालक्ष्म्या गाव सोडत नाईत. दोन घरी मांडल्या का घर फुटते." तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

अजून एक सांगते. मालक गेल्यापासून महालक्ष्म्या दारातून मी आणत नाही, पुतणसुना आणतात. मी सैपाकघरात असते. मला कोणी नाही म्हटलं नाही, मीच मागं सरले. थोरलीला, म्हणजे दोघींतल्या मोठ्या महालक्ष्मीला, नेसवलेलं पातळ दरवर्षी मी नेसायची. दोन वर्षांची दोन पातळं कपाटात तशीच आहेत, घडी मोडली नाही. यंदा नात व्हिडिओ कॉलवर होती. ती म्हणे, "आजी कुठाय? आजी काहून नाई आणत?" कोणी काही बोललं नाही. फोन फुलोऱ्याकडे फिरवला. नंतर सून म्हणाली, "आई, तुम्ही इकडे या. इकडे तुम्हीच आणा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुखवटे देऊ का नको, तेवढं सांगा.

— एक आई

उत्तर

ताई,

शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जुने मुखवटे देऊ नका. ते गावातच राहू द्या.

याचं एक कारण कायद्याचं आहे आणि ते तुमच्या घरात अजून कुणाच्या कानावर गेलेलं दिसत नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा धातूची कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ती घरच्या देवाची असो, आपल्याच पणजीनं पदरचे पैसे मोडून घेतलेली असो, नियम तोच. वस्तू तेवढी जुनी नाही असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला काढावा लागतो. तुमच्या सासऱ्यांचा हिशेब खरा असेल तर तुम्हाला तो मिळायचा नाही. विमानतळावर कस्टमनं बॅग उघडायला लावली आणि देवी तिथे अडकून पडली, तर ते दुःख कुणाला सोसणार आहे? मुलाला हे सरळ सांगा. आईनं काकाची बाजू घेतली असं त्याला वाटायला नको, आणि आपलंच खरं झालं असं दिरांनाही वाटायला नको. या एका नियमामुळे दोघांनाही मान खाली न घालता मागे येता येईल.

कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं, ते त्या चाळीस-पन्नास पानांसाठी. आपल्याकडे पोळा बैलांचा आणि महालक्ष्म्या माणसांच्या. पोळा होऊन आठवडा झालेला असतो, डवरण-निंदण उरकत आलेलं असतं, सोयाबीनला शेंगा धरलेल्या असतात, पऱ्हाटी पात्या-फुलांवर असते आणि हातात पैसा मुळीच नसतो. अशा दिवसांत नागपूर, अमरावती, पुसदहून माणसं गाडीला लोंबकळत गावी येतात. दिवाळीला येत नाहीत ती महालक्ष्म्यांना येतात. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ एका पंगतीला बसतात, कारण आंबील वाढणाऱ्या वहिनीला नाही म्हणता येत नाही. मुखवटे गेले की ही पंगत उठली असं समजा. पुतण्यांच्या नावानं पुन्हा मांडली तरी ती एका घराची होईल, सगळ्यांची व्हायची नाही.

आता दिरांविषयी. त्यांचा जीव गुंतलाय हे मला कळतं, पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही. घरं फुटतात ती धुऱ्यावरून, विहिरीच्या पाळीवरून, सातबाऱ्यावरच्या नावावरून. देवी दोन जागी मांडली म्हणून फुटलेलं घर मी पाहिलेलं नाही. चूल वेगळी झाल्यावर धाकट्या भावानं आपल्या महालक्ष्म्या मांडल्या, अशी कितीतरी घरं आपल्या जिल्ह्यांत आहेत. देवीचं रूपही कुठे एक आहे? आपण धान्यानं भरलेल्या कोठ्यांवर मुखवटे चढवतो. कोकणातल्या कित्येक घरांत नदीवरून आणलेले पाच किंवा सात खडे हीच गौर. कुठे तेरड्याची रोपं बांधून त्यांनाच साडी नेसवतात. ज्या देवीला खडा चालतो, तेरडा चालतो, तिला स्टुटगार्टमधलं भाड्याचं घर का चालू नये?

म्हणून माझं सांगणं असं. मुखवट्यांची नवी जोडी घ्या. यवतमाळला, अमरावतीला, नागपूरच्या इतवारीत पितळेचे मुखवटे मिळतात. फार मोठे घेऊ नका, प्रवासात जड होतील. पैसे मुलाला पाठवू द्या, निवड मात्र तुम्ही आणि दिरांनी मिळून करा, त्यांना मुद्दाम सोबत न्या. येत्या लक्ष्मीपूजनाला जुन्या मुखवट्यांशेजारी ही नवी जोडी पाटावर ठेवा आणि हळदीकुंकू दिरांच्या हातून वाहून घ्या. घरच्या थोरल्या-धाकटीजवळ बसून, घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातची पूजा घेऊन ज्या निघतील त्यांना कुणी परक्या म्हणणार नाही. दिरांची भीती माझ्या समजुतीनं एवढीच आहे, की भाऊ गेला, आता पुतण्याही तुटतोय. ती पाटावर बोलून दाखवायची गरज नाही. ताट हातात दिलं की त्यांना कळेल.

मुलाच्या घरी काय जमेल आणि काय नाही, तेही सांगते, कारण तुमची सून मनापासून करणारी दिसते आणि पहिल्याच वर्षी दमून गेली तर पुन्हा हात लावणार नाही.

महालक्ष्म्या तारखेवर चालत नाहीत, तिथीवरही नाही, नक्षत्रावर चालतात. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळवर जातात. २०२५मध्ये ३१ ऑगस्टला आल्या, १ सप्टेंबरला पूजा झाली, २ सप्टेंबरला गेल्या. चंद्र नक्षत्र बदलतो तो क्षण सगळ्या जगाला एकच असतो, घड्याळं तेवढी वेगळी. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं असतं, त्यामुळे बहुतेक वर्षी दिवस तोच निघतो. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे त्यांच्याकडे दुपारचे तीन. अमेरिकेतल्या लेकरांना साडेनऊ तासांचा किंवा त्याहून जास्त फरक सोसावा लागतो, त्यांच्याकडे कधी कधी आदला दिवस येतो. तुमच्या मुलाला त्या मानानं सोपं आहे.

शाळेचं मात्र आतापासून ध्यानात घ्या. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये उन्हाळ्याची सुटी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. २०२५मध्ये ती १३ सप्टेंबरपर्यंत होती, २०२६मध्ये १२ सप्टेंबरपर्यंत आहे. २०२६मध्ये गणेश चतुर्थीच १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे महालक्ष्म्या शाळा सुरू झाल्यावर येणार. जर्मनीत परवानगीशिवाय लेकराची शाळा बुडवली तर आईबापांना दंड होऊ शकतो. तेव्हा २०२६मध्ये 'तुम्हीच गावी या' असा हट्ट धरू नका. ज्या वर्षी महालक्ष्म्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात किंवा ऑगस्टमध्ये येतील, ती वर्षं पंचांगात पाहून आताच हेरून ठेवा आणि त्या वर्षी मात्र मुलाला सुटू देऊ नका. दर वर्षी यायचं कबूल करून न येण्यापेक्षा तीन वर्षांतून एकदा ठरवून आलेला मुलगा बरा. त्याच्या येण्यावर पंगतीचं सामान भरता येतं.

स्वयंपाकाचं. सोळा भाज्या तिथे होतील, नावं बदलतील. सप्टेंबरात जर्मनीत लाल भोपळ्यांचे ढीग लागतात, कोहळ्याची सोय झाली. शेंगा, काकडी, गाजर, पत्ताकोबी, मुळा आहेतच. ढेमसं, अंबाडी आणि चमकुऱ्याची (अळूची) पानं भारतीय दुकानात मिळाली तर मिळाली, नाही तर रडू नये. सोळाचा आकडा पुरा करायचाच असेल तर डाळी-कडधान्यं धरावीत. पुरण होईल. आंबील सगळ्यांत सोपी, कारण तिथल्या कुठल्याही साध्या किराणा दुकानात 'बटरमिल्च' नावानं ताक मिळतं. ज्वारीचं पीठ तुम्ही न्याल तेवढं पुरेल. फक्त तुमची आंबील तुमच्या हातात आहे, कागदावर नाही. "अंदाजानं घाल" हे तुम्ही सुनेला फोनवर दहा वेळा म्हटलं असेल. तिला अंदाज येणार कुठून? तिनं तुमच्या चुलीजवळ चार भाद्रपद काढलेले नाहीत. एकदा वाटी घेऊन बसा. किती वाट्या पीठ, किती ताक, रात्री किती वाजता भिजवलं, आलं-मिरची-खोबरं कधी घातलं, ढवळणं कधी थांबवलं, हे पुतणीकडून लिहून घ्या. तुमची आंबील तुमच्यामागे दोन घरांत राहावी असं वाटत असेल तर हे काम दिवाळीच्या आत करा.

सामान बांधताना एक गोष्ट नक्की पाळा. युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. घरच्या लोण्याचं तूप, खवा, पेढे, यातलं काहीही पिशवीत ठेवू नका. मायेनं दोन किलो तूप बांधाल आणि ते तुमच्यासमोर कचऱ्यात जाईल. सून तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं तूप कढवू शकते, चांगलं होतं. ताजी फळं, पानं, फुलंही तपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. आघाडा, दुर्वा, केवडा, विड्याची पानं, सगळं त्यात आलं. पाच फळांना मात्र तिथल्या नियमात सूट आहे, आणि त्यांत नारळ, केळी आणि खजूर आहेत. ओटीच्या नारळाला तिथे हरकत नाही. पापड, कुरडया, सरगुंडे, मुगवड्या, तीळ, हळद नीट बंद करून न्या.

तिथल्या घरांत झोपायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या वाटेवर धूर ओळखणारं यंत्र बसवणं कायद्यानं सक्तीचं आहे. तेव्हा समई लावा, उदबत्ती एक लावा, धूप नको. आणि पंगत नको. दोन घरांना जेवायला बोलवा. त्यातलं एक शेजारचं जर्मन घर असेल तर फारच छान. नातीला आपल्या वर्गमैत्रिणीला 'ही आमची थोरली, ही धाकटी, आणि ही त्यांची पिल्लं' असं तिथल्या भाषेत सांगता आलं तर ती हा सण कधी विसरणार नाही.

इथवर सगळं सामानसुमानाचं झालं. ते सोपं आहे. तुमच्या पत्रातली खरी ओळ मधेच आहे, 'मला कोणी नाही म्हटलं नाही, मीच मागं सरले.' ती वाचली आणि माझा हात थांबला.

माझे वडील गेले तेव्हा आई पंचेचाळिशीची होती. महालक्ष्म्या काकांकडे असायच्या. माझं नवीन लग्न झालेलं, म्हणून त्या वर्षी धाकटीचा मुखवटा माझ्या हातात दिला. तुळशीपासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढलेली, एकीनं पुढे ताट वाजवायचं, मी मागून चालायचं. सैपाकघराच्या दारात आई उभी होती, हात पुरणानं भरलेले. मी जवळ येताना पाहून तिनं पदर आवरला आणि भिंतीला लागून उभी राहिली. देवीला तिचा स्पर्श नको म्हणून. मी तिच्यासमोरून चालत गेले. पुरण तिनं वाटलं, आंबील तिनं ढवळली, सोळा भाज्या तिनं निवडल्या, आणि ज्या घरात तिच्या हातचा नैवेद्य देवीला चालत होता त्या घरात तिचा हात चालत नव्हता. पुढे अकरा वर्षं ती होती. अकरा भाद्रपद. एकदाही मी म्हटलं नाही, "आई, ये, थोरली तू घे." तिलाही कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, ताई. कुणी ये म्हटलं नव्हतं, एवढंच. म्हणून तुम्हाला हे लिहिताना मी सल्ला देत नाही, विनवते आहे.

तुम्ही जर्मनीला गेलात तर सून तुमच्या हातात मुखवटा देईल. देऊ द्या, घ्या. पण मला नको आहे ते असं, की हजारो कोसांवरच्या परक्या उंबरठ्यावर तुम्हाला मान मिळावा आणि ज्या उंबरठ्यावर चाळीस वर्षं तुम्ही सडा घातला तिथे तुम्ही पुरणाच्या पातेल्यामागे लपावं. आधी आपल्या दारातून आणा, मग तिथल्या.

कुणी शास्त्र काढलं तर तुमच्याच देवीची कहाणी सांगा. गरिबाच्या घरी गौरीला घालायला काही नसतं. तो तळ्याकडे जीव द्यायला निघतो. वाटेत एक म्हातारी भेटते, त्याची समजूत काढते आणि तो तिला घरी घेऊन येतो. बायको विचारते, पाहुणी कोण आणलीत? तो सांगतो, तुझी आजी. घरातल्या रिकाम्या मडक्यात कण्या सापडतात, लेकरं पोटभर खातात. ती म्हातारी म्हणजेच गौर. कहाणीत तिला सवाशीण म्हटलंय हे मला ठाऊक आहे. पण त्या माणसानं तिला दारात थांबवून कपाळ तपासलं नाही. म्हातारी आहे, दमलेली आहे, आजी म्हणून घरात घेतली. तुमची नातही फोनवरून तेच विचारत होती, आजी कुठाय?

आणि ही एकट्या तुमच्या घरातली गोष्ट राहिलेली नाही. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही तसं करावं असं सांगितलं. तुमच्या ग्रामसभेत हा विषय निघाला नसेल तर काढता येतो. पण तुम्ही त्याची वाट पाहत बसू नका, घरातलं घरात होईल.

कसं करायचं ते सांगते. सणाच्या दिवशी वाद काढू नका, त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि सगळ्यांची तोंडं बंद असतात. आधी थोरल्या नणंदेशी बोला. माहेरवाशिणीचा शब्द या सणात दिरांपेक्षा जड असतो. मग जावेशी. "मीच मागं सरले होते, आता पुढं येते" एवढंच म्हणा, परवानगी मागू नका. तुम्ही मागितली तर कुणीतरी विचार करू लागेल. तुम्ही सांगितलं तर बहुतेकांना हायसं वाटेल, कारण दोन वर्षं त्यांनाही ते बोचत असणार. नाही तर नातीच्या प्रश्नावर फोन फिरवायची कुणाला गरज पडली नसती. पुतणसुनेला बाजूला सारू नका. थोरली तुमच्या हातात, धाकटी तिच्या हातात. जाऊबाई ताट वाजवतील. आणि आतून विचारायचं काम नातीला द्या. फोन आत कोठ्यांजवळ नीट उभा करून ठेवा, इन्व्हर्टर चार्ज करून ठेवा, कारण नेमकी तेव्हाच लाइन जाते. ती आतून विचारेल, "कोण आलं?" तुम्ही उंबरठ्यावरून सांगा, "महालक्ष्म्या आल्या." "कशाच्या पावलांनी?" याचं उत्तर तिला आधी शिकवू नका, तुमच्या तोंडून त्याच वेळी ऐकू द्या.

फोनचं अजून एक. तीन दिवस तो आरतीला आणि सजावटीपुरता लावू नका. सकाळी आंबील ढवळताना लावा. सगळ्या बाया पुरण वाटत बसतात, एकमेकींची उणीदुणी काढतात, लेकरं भजी पळवतात, तेव्हा तो कोपऱ्यात चालू असू द्या. दूर राहणाऱ्याला मूर्ती फोटोतही दिसते. त्याला तुटतं ते या गलक्यासाठी.

गुडघ्यांचं खरं आहे, त्यावर इलाज करायला हवा. घर तुमचं राहू द्या, काम वाटून द्या. एका घराकडे पुरण, एकाकडे भाज्या, एकाकडे फुलोरा. वाढणं आणि भांडी पुतण्यांकडे, त्यांनाही हात आहेत. खर्चाची वर्गणी दिरांनी गोळा करावी. तुम्ही पाटावर बसून आंबील चाखायची आणि मीठ सांगायचं.

मुलाकडे कायमचं जायचं का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, तो महालक्ष्म्यांच्या निमित्तानं सोडवू नका. आधी पाहुणी म्हणून जाऊन या. तूर-हरभरा घरात आला, कापसाचा शेवटचा वेचा झाला, की एप्रिलमध्ये निघा आणि मृगाच्या आत परत या. तिथे तेव्हा झाडांना पालवी फुटलेली असते, थंडी सोसवते. पाहुण्याच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यासाठी किमान ३० हजार युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. हे सगळं मुलाला करू द्या. विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवायला लावा, संकोच करू नका, लांबच लांब चालावं लागतं.

नव्या मुखवट्यांची जोडी मऊ सुती कापडात गुंडाळून बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. आणि कपाटातली ती दोन पातळं काढा. एकात मुखवटे गुंडाळा, कापड वेगळं शोधायला नको. दुसऱ्याची घडी मोडा आणि दिवाळीत मुखवटे पाटावर मांडाल तेव्हा नेसा. नातीला व्हिडिओवर सांगा, हे गेल्या वर्षी थोरलीनं नेसलं होतं.